धुराचं दार

गाडी धुराच्या तपासणीत नापास झाली तर ती तिथूनच परस्पर भंगारात जाईल, असं मिस्त्रींच्या बायकोने सकाळीच जाहीर केलं. आणि नवऱ्याने खोटा निकाल घेऊन घरी येऊ नये, म्हणून स्वतःच पर्स घेऊन गाडीत येऊन बसली. या गाडीत ती अकरा वर्षांनी बसत होती.

"पायाखाली हा प्लाय कशाला टाकलाय?"

"खाली पत्रा नाहीये ना."

"नाहीये म्हणजे?"

"होता. एक दिवस नव्हता."

गाडी म्हणजे चोवीस वर्षांचा पिकअप. मूळ रंग निळा असावा, असा घरात एक अंदाज होता. मिस्त्रींचा फर्निचरचा कारखाना खाली आणि घर वर. जिन्यावरून दिवसाला चाळीस वेळा "अहो" खाली यायचं आणि चाळीस वेळा "आलो" वर जायचं. कपाट पोचवायला पिकअप बाहेर काढला, की तेवढा वेळ हा व्यवहार थांबायचा. कपाट पोचवायला वीस मिनिटं लागत. मिस्त्री दोन तासांनी परत येत. मधला सगळा वेळ ते गोदामांच्या मागे नदीकाठी गाडी लावून, काचा खाली करून काहीही न करता बसत. गाणं नाही, विडी नाही, मोबाइल नाही. नुसतं बसायचं. हे आजवर कुणालाच माहीत नव्हतं. बायकोची समजूत अशी, की गाडीच हळू चालते, आणि म्हणूनच ती भंगारात घालायची. भाड्याचा टेम्पो बोलावला की टेम्पोवाला कपाट घेऊन जाईल आणि मिस्त्री दिवसभर कारखान्यात हाताशी राहतील, असा तिचा साधा, सरळ आणि मिस्त्रींच्या दृष्टीने भयानक हिशोब होता.

तपासणी केंद्र म्हणजे पत्र्याची एक शेड. आत एक यंत्र, एक टेबल आणि टेबलामागे तपासनीस. सोळा वर्षं लोकांचा धूर बघूनही या माणसाचा शर्ट पांढराशुभ्र होता. त्याच्या डाव्या हाताला नियमांचं जाडजूड पुस्तक होतं आणि बोलताना तो त्यावर हात ठेवायचा, जणू ते उठून पळून जाईल.

"आकडा पाच ते पन्नासच्या मध्ये आला की पास. तीन वेळा चाचणी होईल. तिन्ही वेळा बाद, तर नंबरप्लेट इथेच काढून ठेवायची. चालू करा."

मिस्त्रींनी गाडी चालू केली. शेडचा पत्रा थरथरला. टेबलावरची टाचणी चालत चालत कडेपर्यंत आली आणि खाली पडली. तपासनीसाने यंत्राची नळी मागच्या पाइपात घातली आणि पडद्याकडे बघितलं.

"चालू करा."

"चालूच आहे, साहेब!" मिस्त्री आवाजावर आवाज चढवून ओरडले.

"शून्य दाखवतंय. पाचाच्या खाली म्हणजे इंजिन बंद."

"अहो, पण ऐकू येतंय ना तुम्हाला?"

"मला येतंय," तपासनीसही ओरडून म्हणाला. "यंत्राला येत नाही. चाचणी क्रमांक एक. वाहन बंद अवस्थेत आणल्यामुळे बाद."

मिस्त्री गाडीखाली शिरले. बायकोच्या पायाखालच्या प्लायच्या बरोबर खाली, सायलेन्सरच्या पाइपाला तळहाताएवढं भोक पडलं होतं. गाडीचा सगळा धूर तिथूनच बाहेर पडत होता. मागच्या टोकापर्यंत जायची तसदी त्याने बहुधा कित्येक वर्षांत घेतली नव्हती.

"सापडलं!" गाडीखालून आवाज आला.

"मला मघाशीच सापडलं," बायको नाकाला पदर लावून म्हणाली. "पाय भाजतायत."

मिस्त्री हाडाचे सुतार. अवजारांच्या पेटीत पत्रा होता, कात्री होती, पट्ट्या होत्या. माप घेतलं, पेन्सिल कानामागे खोचली, आणि भोकावर पत्रा असा बसवला की नख शिरायला फट राहू नये. अर्धवट काम त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. त्याचं फळ लगेच मिळालं. दुसऱ्या चाचणीत, बऱ्याच काळानंतर प्रथमच, गाडीचा सगळा धूर मागून बाहेर आला. एकदम आला. शेड दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने ती परत दिसू लागली, तेव्हा तपासनीसाचा शर्ट गाडीच्याच रंगाचा झाला होता.

"चौऱ्याण्णव," तो म्हणाला. मग खोकला. मग पुन्हा म्हणाला, "चौऱ्याण्णव. ही गाडी नाही, मिस्त्री, भट्टी आहे. भंगारात घाला. असल्या गाडीत बसणाऱ्या माणसाला अक्कल नसते!"

इथे खरं तर सगळं संपायला हवं होतं. सकाळपासून बायकोचं म्हणणं तरी वेगळं काय होतं? पण हे वाक्य तपासनीसाने म्हटलं तेव्हा मिस्त्री खाली उभे होते, आणि गाडीत एकच माणूस बसलेलं होतं.

दार कुरकुरत उघडलं.

"काय म्हणालात?"

"मी गाडीबद्दल—"

"गाडीत कोण बसलंय?"

तपासनीसाने पुस्तकावर हात ठेवला. पुस्तकात याचं उत्तर नव्हतं.

"गाडी भंगार आहे हे मी म्हणेन," ती म्हणाली. "चोवीस वर्षं म्हणतेय. तुमची ओळख किती वेळाची? अर्ध्या तासाची! अहो, बघत काय उभे राहिलात? एक चाचणी शिल्लक आहे ना?"

"आहे गं. पण भोक उघडं ठेवलं तर शून्य, आणि बंद केलं तर चौऱ्याण्णव."

"मग अर्धं ठेवा!"

मिस्त्रींनी पाइपाकडे वाकून बघितलं. कानामागची पेन्सिल हळूच हातात आली. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यांना बायकोचं इतकं कौतुक कधी वाटलं नव्हतं.

पाऊण तासात पाइपावर सरकतं दार तयार झालं. ड्रॉवर सरकतो तसं, दोन बाजूंना खाचा पाडून, हलक्या हाताने मागेपुढे होणारं. त्याला लाकडी दांडी लावून ती प्लायमधून वर काढली आणि टोकाला एका गिऱ्हाइकाच्या कपाटासाठी आणलेली पितळी मूठ बसवली. मूठ नसती तरी चाललं असतं. पण उघडी दांडी बरी दिसत नाही.

तपासनीस गुडघ्यांवर बसून, वाकून बराच वेळ बघत राहिला.

"सायलेन्सरला भोक असू नये, असा नियम आहे."

"भोक कुठाय?" मिस्त्री दुखावून म्हणाले. "दार आहे. हात लावून बघा, कसं बसलंय."

तपासनीसाने पुस्तक काढलं. भोकाबद्दल त्यात दीड पान होतं. दाराबद्दल अवाक्षर नव्हतं. जे पुस्तकात नाही ते नाकारायचा अधिकार आपल्याला नाही, असं त्याने जड मनाने सांगितलं. माणूस खडूस होता, पण प्रामाणिक होता.

तिसरी चाचणी सुरू झाली. मिस्त्री ॲक्सिलरेटरवर, बायको मुठीवर, तपासनीस पडद्यावर.

"एकोणऐंशी!"

"अगं, थोडं उघड. करंगळीएवढं."

"आच बारीक कशी करायची ते मला शिकवू नका. तुम्ही पुढे बघा."

"बासष्ट... सत्तेचाळीस! झालं, पास झाली! सोडा!"

"थांबा हो, अजून कमी होतंय," बायको म्हणाली. तिने मान जराशी तिरकी केली होती, आणि बोटांच्या टोकांनी मूठ केसभर केसभर सरकवत होती.

"एकतीस... अठरा... बाई, पुरे! पाचाच्या खाली गेलात तर इंजिन बंद पडेल!"

आकडा सातावर थांबला. या केंद्रात मागच्याच आठवड्यात शोरूममधून आलेल्या कोऱ्या गाडीला नऊ मिळाले होते. तपासनीसाने खुर्चीतून उठून दोन्ही हातांनी दाखला दिला. मिस्त्रींनी तो घेतला आणि शेरा वाचला. मग पुन्हा वाचला.

"साहेब, हे काय लिहिलंय? 'झडप चालवणारी व्यक्ती आसनावर असल्याशिवाय वाहन रस्त्यावर आणू नये.'"

"बरोबर आहे. ज्या स्थितीत गाडी पास झाली, त्या स्थितीतच ती चालवायची. नियम चौदा."

"म्हणजे कुणीही बसलं तरी..."

"कुणीही कसं? सात काय कुणीही आणतं?" तपासनीसाने बाईंकडे आदराने बघितलं. "चाचणीला होती तीच व्यक्ती. बदलली की दाखला रद्द."

"किती दिवस?"

"एक वर्ष."

मिस्त्रींनी गाडीकडे बघितलं. बायको पदराने पितळी मूठ पुसत होती.

दुसऱ्या दिवशी एक कपाट पोचवायचं होतं. "अहो, निघायचं ना?" असं म्हणत ती मिस्त्रींच्या आधी गाडीत जाऊन बसली. कपाट वीस मिनिटांत पोचलं. परतीच्या वाटेवर गोदामांपाशी मिस्त्रींचे हात सवयीने वळले, आणि आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा गाडी नदीकाठी उभी होती.

"इथे कुणाला द्यायचंय?"

"कुणाला नाही."

"मग काय करायचं इथे?"

मिस्त्रींनी खूप विचार केला. खोटं काही सुचेना. "काही नाही करायचं," ते शेवटी म्हणाले. "नुसतं बसायचं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. चोवीस वर्षांचे दोन-दोन तास तिच्या डोक्यात भराभर जागच्या जागी बसत असणार. मिस्त्री स्टिअरिंग धरून वादळाची वाट बघू लागले. वादळ आलं नाही. तिने काच खाली केली, चपला काढल्या, पाय वर घेतले. नदी होती तशीच वाहत होती. पाच मिनिटं गेली. दहा गेली. कुणी "अहो" म्हटलं नाही. कुणी "आई" म्हणून हाक मारली नाही, कुणाचा टॉवेल सापडेनासा झाला नाही. मिस्त्रींच्या जिवात हळूहळू जीव आला. दोघांत बसलं तरी जमेल की, असं त्यांना वाटू लागलं. सुटकेचा मोठा श्वास सोडून त्यांनी मान मागे टेकवली.

"अहो," ती डोळे मिटूनच म्हणाली. "जरा बाहेर उभे राहता का? तुमच्या श्वासाचा आवाज येतोय."