न दाबता चालणारं बटण

दाबावं लागतं ते बटणच नव्हे, असं जावईबापूंचं ठाम मत होतं. पुस्तकं वाचायचं यंत्र बनवणाऱ्या कंपनीत ते डिझायनर होते. यंत्राच्या दोन्ही कडांना त्यांनी अशी लांबलचक बटणं बसवली होती, की बोट नुसतं टेकलं तरी पान उलटावं. ऑफिसात सगळ्यांनी वाहवा केली. तिथे यंत्र कायम टेबलावरच्या स्टँडवर उभं असायचं. हातात धरून वाचत बसायला कामाच्या माणसांना वेळ कुठला?

आता फक्त घरगुती चाचणी उरली होती. ती पार पडली की विभागप्रमुखाची खुर्ची पक्की. घरात वाचणारा माणूस एकच, सासरे. तेव्हा यंत्र त्यांच्या हाती गेलं.

सासऱ्यांनी रहस्यकथा उघडली. बंगल्यात खून झाला, इन्स्पेक्टर आले, त्यांनी मयताच्या बायकोला विचारलं, "काल तुम्ही कुठे..." आणि पुढच्याच क्षणी कोणीतरी बोटीवर बसून रडत होतं. सासरे मागची पानं शोधत गेले, ते थेट खुनाच्याही आधी पोचले. जिथे धरावं तिथे बटण! त्यांनी यंत्र गरम पातेल्यासारखं फडक्यात धरून पाहिलं, मग तळहातावर तोलून पाहिलं. डुलकी लागली तेव्हा ते छातीवर पडलं आणि श्वासागणिक पान उलटत राहिलं.

"बाबा, स्पष्ट सांगा ना त्यांना," मुलगी म्हणाली.

"जावयाच्या वस्तूला नावं कशी ठेवू? माझेच हात कापत असतील. वय झालं आता."

बोलताना त्यांचा चेहरा उतरला होता. मुलीला वाईट वाटलं, आणि नवऱ्याचा रागही आला.

तिकडे ऑफिसात उलटलेल्या पानांचा हिशेब पुस्तकांच्या नावांसकट आपोआप पोचत होता. सासऱ्यांनी आठवडाभरात कपाटभर कादंबऱ्या फस्त केल्याचं दिसत होतं. साहेब हरखले. फोटोग्राफरला घेऊन ते स्वतः घरी आले. जावईबापू नवा शर्ट घालून सासऱ्यांच्या शेजारी असे उभे राहिले, जणू त्या सगळ्या कादंबऱ्या त्यांनीच लिहिल्या होत्या.

"इतकं भराभर वाचता, ते या बटणामुळेच ना?" साहेबांनी विचारलं.

"बटणामुळेच," सासरे प्रामाणिकपणे म्हणाले. जावईबापूंची छाती फुगली.

"मग सांगा बघू, त्या बंगल्यातला खुनी कोण?"

सासऱ्यांनी यंत्र अदबीनं साहेबांच्या हातात ठेवलं. "यालाच विचारा. वाचलंय सगळं यानं. मी नुसता धरून बसलो होतो."

साहेब हसले. हसत हसत त्यांनी यंत्र दोन्ही हातांनी नीट धरलं, आणि प्रकरणामागून प्रकरण उलटू लागलं. त्यांनी पकड घट्ट केली, तसा वेग वाढला. बघता बघता पुस्तक संपलं.

सासऱ्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला. "अगं," ते मुलीला म्हणाले, "यांचेही हात कापतात."

खुर्चीचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही.