कचेरीच्या वेळेतला कॉम्प्युटर

नीळकंठरावांच्या घरचा कॉम्प्युटर गेले पंधरा दिवस शंभर टक्के काम करत होता, आणि म्हणूनच त्याच्याकडून एकही काम होत नव्हतं. बटन दाबलं की पेटीवरचा दिवा जो लुकलुकायला लागायचा, तो थांबायचं नावच घ्यायचा नाही. एक पान उघडायला सांगावं, आत जाऊन बायकोकडून, प्रेमलाबाईंकडून, चहा करून घ्यावा, पिऊन परत यावं, तरी निळं कडं आपलं गरगरतंच आहे. कुठली तरी तीन बटनं एकदम दाबली की एक तक्ता उघडतो, हे त्यांना कोणीतरी शिकवलं होतं. त्यात लिहिलेलं असायचं: प्रोसेसर चार टक्के, मेमरी तीस टक्के, डिस्क शंभर टक्के. म्हणजे एकटा मरमर मरतोय आणि बाकीचे टेबलाशी बसून सुपारी कातरतायत. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला यात बिघाड नेमका कोणता, तेच कळेना.

एरवी त्यांनी या गोष्टीकडे सरकारी शांतपणे दुर्लक्ष केलं असतं. पण रविवारी कुळाच्या देवीची पूजा होती. देवी त्यांच्या डोणगावच्याच शिवारात. वर्षातून एकदा सगळे भाऊबंद जमतात आणि पूजेचा पहिला नारळ थोरल्या पातीला, म्हणजे थोरल्या भावाच्या वंशाला, देतात. आता थोरली पाती कोणती, यावरून नीळकंठराव आणि गल्लीपलीकडचे त्यांचे चुलतभाऊ वामनराव यांचं एकोणीस वर्षं वाजत होतं. मानाजी आणि तुकोजी हे मूळचे दोन सख्खे भाऊ. नीळकंठराव मानाजीच्या वंशातले, वामनराव तुकोजीच्या. दोघांत मोठा कोण, हे सांगायला दोघेही हयात नव्हते, त्यामुळे तो मानाचा नारळ एकोणीस वर्षं पुजाऱ्याच्या घरी चटणीला जात होता. यंदा भाऊबंदांनी निक्षून सांगितलं होतं की रविवारी कागद दाखवा, नाहीतर हा विषय कायमचा सोडा.

कागद नीळकंठरावांकडे होते. घराण्याचे चारशे बारा मोडी कागद एका गुरुजींनी वाचून वह्यांमध्ये उतरवून दिले होते, आणि ते नीळकंठरावांनी आठ महिने एका बोटाने कॉम्प्युटरमध्ये चढवले होते; वह्या नंतर वाळवीने खाल्ल्या. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती: मूळ प्रत, स्थळप्रत, आणि असावी म्हणून एक. त्यातल्या कुठल्यातरी कागदात मानाजी थोरला असल्याचं लिहिलेलं असणारच, याची त्यांना खात्री होती. मात्र कुठल्या, ते माहीत नव्हतं, कारण त्यांनी एकही कागद वाचलेला नव्हता. नक्कल करणाऱ्याने मजकुरात लक्ष घालू नये, घातलं की चुका होतात, हे त्यांचं नोकरीभरचं तत्त्व. एकदा 'मानाजी' एवढंच टाइप करून शोधायला सांगितलं की झालं. पण शोधणार कोण? डिस्क शंभर टक्के.

उपाय काही कमी झाले नव्हते. मेहकरहून आलेल्या दुरुस्तीवाल्याने पेटीतली धूळ फुंकून आपल्या डोळ्यात घालून घेतली, एक व्हायरस पकडणारा बसवला आणि गेला. मग एका मास्तरांनी त्यांच्या खात्रीतला दुसरा बसवला. आता हे दोन्ही पहारेकरी दिवसभर एकमेकांच्याच पिशव्या तपासत बसले. सगळं पुसून नव्यानं सुरुवात करा, असं तिसऱ्याने सुचवलं, तेव्हा त्यांनी त्याला चहासुद्धा न देता वाटेला लावलं.

गावात हे खरोखर कळणारा माणूस एकच होता. बँकेतून निवृत्त झालेले वामनराव.

शुक्रवारी सकाळी नीळकंठराव नाक मुठीत धरून गल्ली ओलांडून गेले. कागदपत्रांचं काही बोलले नाहीत, लाइटबिल भरायचं अडलंय म्हणाले. वामनराव आले, चष्मा कपाळावर चढवला, तक्ता पाहिला आणि त्या दोन पहारेकऱ्यांपैकी एकाला आधी घरी पाठवलं. दिवा तरी लुकलुकतच राहिला.

"दादा, तुमी हे बंद कवा करता?"

"कवा म्हंजे? पावनेसहाले. अन् दीड ते दोन जेवाची सुट्टी."

"अन् कसं करता?"

"भितीवरचं बटन दाबतो. कचेरी सुटली म्हंजे सुटली."

वामनरावांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी समजावून सांगितलं की हा बिचारा आतल्या कागदांची यादी करून राह्यला, वरून कंपनीने धाडलेली नवी कामंही त्याच्याच गळ्यात आहेत. काम अर्ध्यावर येतं न येतं तोच तुम्ही त्याचा गळा दाबता, मग तो उठून पुन्हा पहिल्या कागदापासून सुरू करतो. नीळकंठरावांना एकदम भरून आलं. दर नव्या साहेबाने त्यांनाही अभिलेखांची यादी पहिल्यापासून करायला लावली होती, आणि ती निम्मी होईस्तोवर साहेबाची बदली ठरलेली. अशी एक यादी त्यांनी अकरा वेळा सुरू केली होती.

औषध सोपं होतं. एक दिवस, एक रात्र त्याला बंद करायचं नाही. पण डोणगावात सलग सहा तास वीज राहिली तर लोक घाबरून बाहेर येतात. इन्व्हर्टर होता तो वामनरावांच्या घरी. म्हणजे पेटी तिकडे न्यायची. म्हणजे चारशे बारा कागद शत्रूच्या ओसरीवर. नीळकंठरावांनी दाराशी उभं राहून बराच विचार केला, आणि प्रेमलाबाईंना सांगितलं की पेटीबरोबर मीही चाललो.

ते खरंच गेले. पेटीशेजारी खुर्ची टाकून बसले ते उठेचनात. वामनरावांच्या बायकोने, गोजरबाईंनी, दोन वेळा जेवायला वाढलं, ते त्यांनी दिव्यावर नजर ठेवून खाल्लं. एकोणीस वर्षांत या घरचं पाणी प्यायले नव्हते, आता पाहुण्यासारखी सतरंजी मागून घेतली. वामनरावांनी विचारलं की लाइटबिलासाठी एवढा पहारा काऊन, तर म्हणाले, बिल मोठं आहे.

शनिवारी दुपारी दिवा लुकलुकायचा थांबला. डिस्क दोन टक्के. नीळकंठरावांना राहवेना. वामनराव मागे उभे आहेत याचंही भान न ठेवता त्यांनी 'मानाजी' टाइप केलं, आणि आठ महिन्यांचं काम क्षणात समोर आलं. त्यांनी पहिलाच कागद मोठ्याने वाचला.

"तुकोजी वडील, मानाजी धाकटा. देवीचा नारळ वडिलाने घ्यावा."

वडील म्हणजे थोरला, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. आपल्याच एका बोटाने आपण आपला पराभव टिपून ठेवला, तोही तीन प्रतींत, या विचाराने त्यांना रडू यायचं बाकी राहिलं. मागे वामनरावांनी गोजरबाईंना हाक मारून गूळ आणायला सांगितलं. एकोणीस वर्षं भांडलेला माणूस जिंकला होता, त्याने खुर्ची ओढली आणि पुढचं स्वतःच वाचायला घेतलं.

"समस्त भाऊबंदांस त्या दिवशी वडिलाने आपले घरचे जेवण घालावे. दरसाल घालावे. कसूर करू नये."

गोजरबाई गुळाची वाटी हातात घेऊन तशाच थांबल्या. "समस्त म्हंजे किती?"

वंशावळ नीळकंठरावांना पाठ होती. त्यांनी शांतपणे सांगितलं की सहाशे चाळीस, लेकी-जावई सोडून.

वामनरावांनी गुळाची वाटी परत आत पाठवली. मग वामनराव अगदी मायेने म्हणाले, "दादा, मोडी वाचनाऱ्याची चूक झाली असंन. वयानं तं तुमीच मोठे हा. नारळ तुमीच घ्या."

"नाही वामनराव. कागद म्हंजे कागद."

ज्या माणसाने नोकरीत कोणालाच महिन्याच्या आत नक्कल दिली नव्हती, त्याने वामनरावांच्याच छपाई यंत्रावर वीस प्रती काढल्या, प्रत्येकीवर 'खरी नक्कल' लिहून सही केली, आणि संध्याकाळच्या आत गावातल्या भाऊबंदांच्या घरोघरी स्वतः जाऊन पोचवल्या.

रविवारी वामनरावांनी निखारा घ्यावा तसा नारळ घेतला. शिवारात गोवऱ्यांवर रोडगे भाजले जात होते आणि वांग्याच्या भाजीची तीन पातेली रटरटत होती. नीळकंठराव पहिल्या पंगतीत पहिल्या पानावर बसले, आणि ते काही केल्या उठेनात. घामाने निथळलेले वामनराव तुपाचं भांडं घेऊन चौथ्यांदा त्यांच्यापाशी आले आणि आणखी वाढू का म्हणून दबक्या आवाजात विचारू लागले.

"वाढा नं," नीळकंठराव पान पुढे सरकवत नम्रपणे म्हणाले, "धाकट्यानं थोरल्याले नाही कसं म्हनावं?"