मेडशीच्या चेहऱ्यांचा पंचनामा

"अहवाल काय असते ते मले शिकवू नको पोरी! पस्तीस वर्षं अहवालच लिवले मी. माह्या एका सहीवर सरकार पैसे वाटे!"

जगदेवराव हे बोलले तेव्हा त्यांच्या एका हातात चहाची बशी होती आणि दुसऱ्या हातात सून वर्षाराणीची शंभर पानी वही. मेडशीत त्यांना ओळखत नाही असं कुत्रंही नाही. तलाठी म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण माणूस अजून खुर्चीतून उठलेला नाही. खुर्ची म्हणजे अर्थातच बाज! धनजपासून अनसिंगपर्यंत त्यांनी जितके पंचनामे केले, ते सगळे बाजेवर पडून केले. एक डोळा उघडायचा, आभाळाकडे पाहायचं आणि गावाचं नुकसान टक्क्यात सांगून टाकायचं. एका वर्षी तर त्यांनी गारा पडायच्या आधीच पंचनामा लिहून टाकला होता. सरकारी कागद खोटा पडू नये म्हणून शेवटी बिचाऱ्या गारांना पडावं लागलं!

आता प्रश्न होता ब्युटी पार्लरचा. वर्षाराणीनं वाशीमला जाऊन कोर्स केला होता. दोन वर्षं ती घराच्या पुढच्या खोलीत एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बायांच्या भुवया कोरत होती. आता तिला स्टँडजवळ गाळा घ्यायचा होता. त्यासाठी कर्ज हवं होतं. बँकेचे साहेब म्हणाले होते, धंदा कसा चालवणार ते लिहून ठेवा, गुरुवारी जागा बघायला येतो, तेव्हा वाचतो. नाही पटलं तर पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षापर्यंत गाळा कोण रिकामा ठेवतो? म्हणून तिनं चार पानं मन लावून लिहिली होती.

जगदेवरावांनी ती चार पानं चाळली आणि चहात साखरेऐवजी युरिया पडल्यासारखं तोंड केलं.

"यात तक्ता कुठी आहे? टक्केवारी कुठी आहे? 'नेहमी येणाऱ्या बाया' म्हणे! हा काय अहवाल झाला? हे तर किराण्याची यादी झाली!"

"मामाजी, साहेबानं साधंच मांगतलं होतं..."

"साधं मांगणारा साहेब अजून जन्माले आला नाही! तू चूप राह्य. गुरुवारपर्यंत मी देतो लिवून."

आणि ती वही त्यांनी डुगडुगत्या टेबलाच्या आखूड पायाखाली सारली. टेबल स्थिर झालं. वर्षाराणी झाली नाही.

आता असा माणूस नवीन काही लिहील असं कोणाला वाटत असेल तर त्यानं आपलं डोकं तपासून घ्यावं. जगदेवरावांनी पेटीतून पीक नुकसानीचा जुना छापील तक्ता काढला. 'पिकाचे नाव' खोडून 'बाईचे नाव' केलं. 'गट क्रमांक' खोडून 'घर क्रमांक' केलं. 'बाधित क्षेत्र' तसंच ठेवलं, कारण ते त्यांना चपखल वाटलं! नियमही जुनाच. तेहतीस टक्क्यांच्या वर नुकसान असलं की बाई पात्र, म्हणजे तिला पार्लर लागतं. जितक्या बाया पात्र, तितकं गिऱ्हाईक. हिशेब साफ! फक्त तक्त्याच्या माथ्यावर 'नुकसान भरपाईकरिता' असं छापलं होतं, ते खोडायचं राहिलं. इतक्या मोठ्या अधिकाऱ्याच्या नजरेला इतकी बारीक गोष्ट कशी दिसणार?

मग बाज ओट्यावर आली. पाण्याच्या नळाकडे जाणारी प्रत्येक बाई पेपराच्या आडून पाहिली जाऊ लागली.

'रत्नमाला, घर क्र. ४१. दोन्ही भुवयांमधला धुरा, म्हणजे बांध, पूर्णपणे मोडलेला. वरच्या ओठावर तणाचा प्रादुर्भाव. नुकसान ६० टक्के.'

'उज्ज्वला, पोलीस पाटलाच्या मंडळी. दोन्ही गालांवर सोयाबीनवर पडतो तसा पिवळा मोझॅक. नुकसान ४५ टक्के.'

अशा एकशे बेचाळीस बाया! एकशे त्रेचाळिसावी घरचीच, त्यांची बायको. तिथं त्यांनी मान वर करण्याचीही तसदी घेतली नाही. 'गोजराबाई. नुकसान निरंक. घरचेच शेत असल्याने पाहणीची आवश्यकता नाही.'

बुधवारी सकाळी ते कागद घेऊन हरिसिंगच्या झेरॉक्सवर गेले. हरिसिंगनं सांगितल्याप्रमाणे तीन प्रती काढल्या आणि एक आपल्या वाचनासाठी काढली. जगदेवराव घरी पोचायच्या आत तो तक्ता गावातल्या बायांच्या मोबाइलवर पोचला होता!

पहिली आली रत्नमाला. ती गल्लीतून अशी येत होती की समोरची म्हैस बाजूला झाली. जगदेवरावांनी तिला पाहिलं आणि बाजेखाली किती जागा आहे याचा अंदाज घेतला.

"भाऊजी! मले साठ टक्के?"

"अव रत्नमाला, ते आपलं..."

"साठच काहून? नीट पाहा न! हे मानेवरचे वांग कोन्या रकान्यात धरले तुमी? उज्ज्वलाले पंचेचाळीस, अन् तिनं तर जलमात ऊन पाह्यलं नाही!"

बाईच्या हातात चप्पल नव्हती, आधार कार्ड होतं! 'भरपाई' हा शब्द गावानं वाचला होता. चेहऱ्याचं नुकसान झालेल्या बायांना सरकार पैसे देऊन राहिलं, हे आता मेडशीत पोरासोरांनाही ठाऊक होतं.

खरं सांगायला एवढाच क्षण होता. पण सहा वर्षांनी कोणीतरी पेनाकडे आशेनं पाहत होतं! माणूस विरघळला.

"बरं, पासष्ट करतो," ते म्हणाले.

मग काय विचारता! दुपारपर्यंत ओट्यासमोर रांग लागली. एकीनं लग्नातला फोटो आणला, आधीचं उत्पादन दाखवायला. एकीनं डोळ्यांखाली चुलीची काजळी चोळून आणली. आठवड्यापूर्वीच वर्षाराणीकडून भुवया कोरून गेलेल्या दोघी कपाळावर पदर ओढून उभ्या होत्या, नुकसान कमी भरू नये म्हणून! एका म्हातारीनं तोंड उघडून विचारलं, "बापू, माह्ये तं दातबी वाहून गेले. ते धरशीन का?"

जगदेवराव धरत होते. सगळं धरत होते. टक्के वाढत होते आणि समोर अंगठे उमटत होते.

"मामाजी, खरं सांगा न त्याईले!" वर्षाराणी कानाशी येऊन म्हणाली. "उद्या साहेब येते. माह्या गिऱ्हाइकाईच्या तोंडाची चेष्टा चालून राह्यली हे!"

"येडी का तू? मागणी सिद्ध होऊन राह्यली! दीडशे बाया! तुह्या वहीत होत्या किती?"

"एकवीस."

"एकवीस!" ते इतके हसले की बाज करकरली. गोजराबाई दारात आल्या, एक भुवई उचलून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. जगदेवरावांनी अर्थातच वर पाहिलं नाही.

गुरुवारी साहेब आले. फटफटी थांबायच्या आत बायांनी त्यांना घेरलं.

"साहेब, पैसे खात्यात कधी येतीन?"

"कशाचे पैसे?"

"कशाचे म्हंजे? तोंडाच्या नुकसानीचे!"

साहेब तसेच आत आले आणि टेबलाशी बसले. जगदेवरावांनी शिक्का मारलेली फाईल त्यांच्यासमोर अशी ठेवली, जशी नवरदेवासमोर पुरणपोळी. साहेबांनी एक पान वाचलं. दुसरं वाचलं. धुरा, तण, पिवळा मोझॅक... मग फाईल मिटली.

"वर्षाराणीताई, यात खुर्च्या किती ते नाही. कोण काय काम करणार ते नाही. नुसती गावातल्या बायांची बदनामी आहे. यावर कर्ज होणार नाही." दाराकडे वळून ते म्हणाले, "आणि ताईंनो, भरपाई वगैरे काही नाही. हा पार्लरसाठीचा कागद आहे."

पुढं आलेली आधार कार्डं एकेक करून पदराआड गेली. मग रत्नमाला हळूच बोलली.

"मंग भाऊजी, मले साठ टक्के काहून लिवलं होतं?"

"पासष्ट," जगदेवरावांच्या तोंडून निघून गेलं. जन्माची सवय!

आता मात्र चपला निघाल्या. "या घरात पाय नाही ठेवत आमी!" "वर्षाराणीनंच सांगतलं असन याले सारं!" जगदेवराव साहेबांच्या पाठीमागे गेले, साहेब कपाटाच्या मागे गेले. कर्ज तर गेलंच होतं, आता गिऱ्हाईकही चाललं होतं!

वर्षाराणी खाली वाकली आणि टेबलाच्या पायाखालची वही तिनं खसकन ओढली. टेबल कलंडलं, शाईची बाटली सरळ जगदेवरावांच्या पांढऱ्या पायजम्यावर रिकामी झाली. वही तिनं साहेबांच्या हातात दिली.

साहेब वाचत गेले, मोठ्यानंच. "दोन खुर्च्या, एक आरसा. लग्नसराईत शिक्षिका धम्मदीपाताई शाळा सुटल्यावर मदतीला येतील. नेहमी येणाऱ्या बाया एकवीस. रत्नमालाताई: दर महिन्याला बाजाराच्या दिवशी. कामाची घाई असते, बसवून ठेवायचं नाही. उज्ज्वलाताई: कातडी नाजूक, साधी क्रीम चालत नाही..."

रत्नमालेच्या हातातली चप्पल खाली आली. बाकीच्या बाया जवळ सरकल्या, आपलं नाव ऐकायला.

"मी हेच मागितलं होतं ना!" साहेब म्हणाले. "सोमवारी गाळ्याचे कागद घेऊन या, करून टाकू. आणि हे शेवटचं गिऱ्हाईक तर फारच पक्कं दिसतं! आठ महिने झाले, एक महिना चुकला नाही. भुवया, फेशियल, केसांना रंग. गोजराबाई."

जगदेवराव पायजम्यावरची शाई पुसता पुसता थांबले. कपाळाला आठ्या घालून त्यांनी गावातली सगळी घरं मनातल्या मनात पालथी घातली.

"कोन्ती गोजराबाई?" त्यांनी विचारलं.

एकशे बेचाळीस बायांनी एकदम स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथं उभ्या बाईनं आपली सुरेख कोरलेली डावी भुवई वर केली आणि पदर खोचला. तेव्हा पस्तीस वर्षांच्या नोकरीत जे कधी केलं नव्हतं ते जगदेवरावांनी केलं: प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी. नुकसान शंभर टक्के होतं, पण ते गोजराबाईंचं नव्हतं.