लटारूच्या हिरवळीवरचा करपा

"धानाच्या सोळा बांध्या पिकवल्या म्या! हे वीतभर गवत मले काय जड हाये जी?" असं छातीठोक सांगून लटारूनं नागभीडकडच्या जंगलखात्याच्या बंगल्यावर माळ्याची नोकरी धरली. पण कच्ची! श्रावणात नागपूरचे मोठे साहेब येणार, पुढची हिरवळ पाहणार आणि मगच नोकरी पक्की व्हायची.

बंगल्याचा म्हातारा चौकीदार सोमाजी रोज बजावी, "अबे, विळा घे न काप ते गवत."

"निसवल्याबिगर कोणी कापते का, सोमाजीभाऊ? लोंब येऊ द्या, मंग पाहा!"

जन्म धानात गेलेला माणूस! त्यानं हिरवळीला चारी बाजूंनी बांध घातला, घोटाभर पाणी साठवलं आणि गवत वाढू दिलं. वाढलंही हो! गुडघ्याला लागलं. लटारू इतका फुगला की सदऱ्याची गुंडी लागेना.

साहेब यायला दोन दिवस उरले आणि पानांवर तांबडे ठिपके उठले. हिरवळ कसली, गोवर आलेलं पोर!

"करपा!" लटारू मटकन खाली बसला. "गेली माही नोकरी!"

शिदोरी घेऊन आलेल्या त्याच्या बायकोनं, धुरपतानं वाकून पाहिलं. "खालची जून पानंच डागली ना जी. शेंड्याची कोवळी त साफ हायेत. माणसावाणीच हाये, वय झालं का अंगावर डाग येते."

"इथी माहा जीव चालला न तुले वय सुचते!" नवरा कडाडला.

करप्यावर राख टाकायची, असं त्यानं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गावातल्या चुलींची राख कावडीनं आणायला लागला. पहिली खेप टाकली, लगेच परत यायचंच म्हणून फाटक उघडं ठेवलं आणि दुसऱ्या खेपेला गेला. येऊन पाहतो तर काय! धुरपताच्या अकरा बकऱ्या ओळीनं हिरवळीत उभ्या. गुडघाभर गवत दोन बोटांवर आलेलं!

"माय वो! माह्या बकऱ्या!" धुरपता धावत आली. मग तिला हसू आवरेना. "झाली तुमची कापनी!"

लटारूनं कावड टाकली. सासुरवाडीला पळून जायचं त्यानं पक्कं केलं. पण त्याच संध्याकाळी असा पाऊस कोसळला की नाल्याला पूर आला आणि साहेबांची जीप पलीकडेच अडकली. दहा दिवस तरी येत नाहीत, असा निरोप आला. लटारूनं नाल्यालाच हात जोडले! सोमाजीनं बांध फोडून साचलेलं पाणी काढायला लावलं, तेही त्यानं निमूट केलं.

दहा दिवसांत नवी पाती फुटली. लुसलुशीत, हिरवीगार, ठिपका औषधालाही नाही!

साहेब आले. भिंग काढून हिरवळीत चक्क गुडघ्यांवर बसले. "कमाल आहे! सगळ्या बंगल्यांवर हा रोग पाहत आलो. जून पानांवर तो आधी बसतो, कोवळ्यांवर सहसा नाही. इथं जून पानं वेळेवर कोणी काढली?"

"म्याच जी!" लटारूच्या तोंडातून निघून गेलं. "हातानं खुडली. एक एक पान पाहून!"

सोमाजीला ठसका लागला.

"शाबास! नोकरी पक्की तुझी."

लटारूचा गळ्याशी आलेला जीव खाली उतरला. डोळ्यांत पाणीच आलं बिचाऱ्याच्या. स्वयंपाकघराच्या दारात धुरपतानं पदर तोंडाला लावला, पण तीही मनातून सुटल्यासारखी झाली होती.

"आणि बरं का," साहेब व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत बसत म्हणाले, "मागची हिरवळ तशीच वाढलीय, ठिपक्यांनी भरलेली. मी दोन दिवस मुक्कामाला आहे. तू कसं खुडतोस, ते मला पाहायचंय. माझी खुर्ची तिकडेच ने आणि कर सुरू!"

दोन दिवस! लटारू उकिडवा बसून एक एक पान खुडत होता. कंबर गेली, बोटं सोलली. कुंपणापलीकडे अकरा बकऱ्या माना वर करून उभ्या होत्या.

"ह्या काऊन उभ्या हायेत इथी?" तो कण्हत म्हणाला.

धुरपता म्हणाली, "काम पाहून राह्यल्या जी. तुमी नवे हा ना!"