उजागरे सरांचा बेस

उजागरे सर कोणाच्याही घरी गेले की पाणी मागायच्या आधी फ्रिजला कान लावतात. "जी. किंचित चढलाय," असा त्याच्या घरघरीचा इंग्रजी सूर सांगतात आणि मग बसतात. आमच्या हिने पहिल्यांदा ते ऐकून मेकॅनिकलाच बोलावलं होतं. पुढे कळलं, की अख्ख्या सावेडीतले फ्रिज जीमध्येच असतात आणि सगळेच किंचित चढलेले असतात. तरी सर प्रत्येक घरी नव्याने तपासतात. निवृत्त भूगोल शिक्षक आहेत. खात्री केल्याशिवाय पुढे जात नाहीत.

आमच्या चर्चच्या गायनमंडळात मी कीबोर्ड वाजवतो आणि सर बेस गिटार. जाड तारांची, खर्जात बोलणारी ही गिटार त्यांनी तरुणपणी एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून घेतली. "बेस म्हणजे खडक," ते म्हणतात. "डोंगराचे फोटो सगळे काढतात. खालच्या खडकाचं कोणी नाव घेतं का?"

हा खडक वर्षभर खचत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. एका रविवारी उपासनेनंतर चहाच्या वेळी सरांनी विचारलं, "आज तिसऱ्या गीताला बेस कसा वाटला?"

"फार छान, सर," चर्च कमिटीचे अध्यक्ष म्हणाले. "भरीव."

मीही "सुरेख" म्हणून घेतलं.

"आज मी वायर लावलीच नव्हती," सर म्हणाले आणि त्यांनी बिस्किट चहात बुडवलं.

वायर लावली तरी वर्षभर आवाज बसतच चालला होता. दोष पिकअपमध्ये होता. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवलेली चपटी डबी. आत चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर तार थरथरली की आत वीज निघते आणि स्पीकर बोलतो. सरांचे वेढे आतून गंजले होते. पुण्याच्या दुकानदाराने सरळ नवा पिकअप बसवायला सांगितलं. आमच्या कमिटीने, नवा घ्यावा की घेऊ नये, यावर उपसमिती नेमली. सर म्हणाले, "नव्याचा आवाज वेगळा येईल. मला हाच पाहिजे."

म्हणून आम्ही दोघे केडगावला अन्सारभाईंकडे गेलो. विहिरीवरच्या पंपांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी डबी तळहातावर घेतली, चष्मा पुसला आणि विचारलं, "किती हॉर्सपावरची हाय ही?"

मला हसू आलं. अन्सारभाई गंभीर होते. "हसू नका. पानी किती खोलून काढायचं ते कळल्याबिगर तार कशी निवडू?"

"खूप खोलून," सर म्हणाले.

अन्सारभाईंच्या यंत्राला इतकी बारीक तार झेपेना, म्हणून सरांच्या घरचं शिवणयंत्र कामाला लागलं. सर चाक फिरवत होते, अन्सारभाई चिमटीत तार धरून होते आणि मी वेढे मोजत होतो. चार हजारांवर मला शिंक आली आणि तार तुटली. कोणी रागावलं नाही. दोघांनी माझी खुर्ची उचलून भिंतीपाशी नेऊन ठेवली. दुसऱ्या खेपेला काम फत्ते झालं.

त्या रविवारी पहिल्याच गीताला चर्चच्या खिडक्या वाजल्या. तेवढं चाललं असतं. पण बेस ठणठणीत ऐकू यायला लागल्यावर उघड झालं, की आमचं अख्खं गायनमंडळ कित्येक वर्षं तालाच्या पुढे धावतंय, आणि सर्वांत पुढे अध्यक्षांच्या सौभाग्यवती आहेत. साध्या सतरंजीच्या खरेदीसाठी दोन बैठका घेणाऱ्या कमिटीने हा निर्णय दहा मिनिटांत घेतला: बेसचा आवाज कमी करावा. सरांना हे सांगायचं काम माझ्यावर आलं, कारण गुन्ह्यात मी सामील होतो.

सोमवारी दुपारी गेलो. दार उघडंच होतं. सर बेस वाजवत होते आणि त्यांच्या पत्नी मार्थाबाई स्पीकरच्या खोक्यावर दोन्ही तळवे टेकून गात होत्या. दोन वर्षांपूर्वी त्या गायनमंडळ सोडून गेल्या, तेव्हा त्या कोणावर तरी रुसल्या असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. सूर जरा इकडेतिकडे जात होता, पण ताल एकदाही सुटला नाही.

मला पाहून सर थांबले.

"कान गेले तिचे," ते म्हणाले. "कानाला मशीन लावलं तर नुसता कलकलाट होतो. बेस तेवढा चर्चच्या बाकातून हाताला लागतो म्हणते. मध्ये वर्षभर तोही लागेना. गीत सुरू झालं का, म्हणून शेजारणीला विचारायची." मग म्हणाले, "तुम्ही कसे आलात?"

"पुढच्या रविवारची गीतं कोणती, ते विचारायला," मी म्हणालो.

सरांनी तीन गीतं सांगितली. मी ती लिहून घेतली. मार्थाबाई आमच्या ओठांकडे बघत होत्या. बोलणं लांबतंय असं वाटून त्यांनी सरांच्या गुडघ्यावर थोपटलं, आणि सरांनी अर्धवट राहिलेलं कडवं पुन्हा पहिल्यापासून घेतलं.