बदामी सोफा व त्याचे शत्रू

घरात लहान मुलं असणं ही आनंदाची गोष्ट आहे. घरात चामड्याचा सोफा असणं हीसुद्धा आनंदाचीच गोष्ट आहे. हे दोन आनंद एका खोलीत ठेवू नयेत असं कुणाही थोर पुरुषाने सांगून ठेवलेलं नाही, कारण थोर पुरुष जमिनीवर बसत असत आणि त्यांची मुलं कोण सांभाळत होतं याचा उल्लेख सहसा सापडत नाही.

स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात तपासनीस असलेल्या एका गृहस्थांनी हे दोन्ही आनंद एका खोलीत आणले. (त्यांना बायकोसकट सगळे तपासनीसच म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू.) हेतू उत्तम होता. घरातल्या जुन्या कापडी कोचाच्या स्प्रिंगा वर आल्या होत्या. तरीही रोज संध्याकाळी तपासनीस कामावरून येऊन त्यावर टेकले, की सहा वर्षांची थोरली त्यांच्या पोटावर आडवी पडून शाळेतल्या भानगडी सांगायची आणि तीन वर्षांचा धाकटा छातीवर चढून त्यांचा कान ओढता ओढता झोपी जायचा. दिवसातला हा अर्धा तास तपासनिसांना जिवापाड आवडायचा. तो स्प्रिंग न टोचता, ऐसपैस मिळावा, एवढ्यासाठीच त्यांनी सोफा घेतला.

सोफा बदामी रंगाचा होता. त्यावरून हात फिरवला की आपण काहीतरी मिळवलं आहे असं वाटे. दुकानदार म्हणाला, "जपलात तर जन्मभर टिकेल." कुणाच्या जन्मभर, हे तपासनिसांनी विचारलं नाही. 'जपलात' हा शब्द मात्र त्यांनी मनावर घेतला.

पहिल्याच संध्याकाळी थोरली धावत आली, तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "थांब! आधी हात बघू."

उजव्या हातावर स्केचपेन होतं, डाव्यावर केळं. कारखान्यात ओरखडा, पोचा आणि डाग या तीन पापांपैकी एकही भांड्यावर दिसलं, की तपासनीस ते भांडं बाजूला काढत. थोरली बाजूला काढली गेली.

यानंतर जे धोरण अमलात आलं, ते सर्व कुटुंबप्रमुखांनी अभ्यासावं इतकं परिपूर्ण होतं. मुलांच्या हातांचं वर्गीकरण करण्यात आलं: ओले, चिकट, रंगीत, आणि कोरडे पण संशयास्पद. (कोरडे व निर्दोष असाही एक वर्ग होता, त्यात आजतागायत कुणी बसलेलं नाही.) तपासनिसांच्या अंदाजानुसार तीन वर्षांच्या मुलाच्या तळहातावर कुठल्याही क्षणी सरासरी अडीच पदार्थ असतात, पैकी अर्धा ओळखू येत नाही. सोफ्यावर बसताना घासत न बसता वरून अलगद उतरावं. उठताना घसरू नये. खिशात काही ठेवू नये. सोफ्यावर रडू नये, कारण अश्रूंत मीठ असतं. हसण्यास हरकत नव्हती, मात्र तोंड रिकामं असलं पाहिजे.

"आणि झोप आली तर?" बायकोने विचारलं.

"झोपेत लाळ गळते," तपासनीस म्हणाले. तिने पुढे काही विचारलं नाही. ती शहाणी बाई होती, आणि शहाणी माणसं कुठल्याही घरात असंच करतात.

आता स्वच्छतेबद्दल. धाकट्यामुळे घरात वेट वाइप्सचा तोटा नव्हता. तपासनिसांनी विचार केला, चामडं म्हणजे शेवटी कातडीच. बाळाच्या कातडीला जे सोसतं ते म्हशीच्या कातडीला न सोसायला काय झालं? या बिनतोड युक्तिवादानंतर सोफा सकाळी, दुपारी (ही पाळी बायकोची) आणि रात्री पुसला जाऊ लागला. मुलांचा हात जिथे जिथे लागला असेल तिथे तर खसाखसा. हयात असताना त्या म्हशीला कुणी दिवसातून तीनदा पुसलं नसेल. मेल्यावर बिचारीचे दिवस पालटले.

आणि कष्टाचं फळ समोर दिसत होतं. पांढरी वाइप फिरवली की बदामी होऊन निघायची.

"बघितलंस?" तपासनीस वाइप नाचवत म्हणायचे. "किती मळ निघतोय!"

"मळ बदामी कसा हो?"

"केळं, दूध, बिस्किट. एकत्र कालवलं की बदामीच होणार."

जितका मळ निघे तितकं ते जोराने पुसत, आणि जितकं जोराने पुसत तितका मळ निघे. इतकी हातोहात पोच देणारं काम कारखान्यातसुद्धा नव्हतं. तपासनीस झोपायला समाधानाने जात.

महिना-दीड महिन्यात सोफ्यावर चट्टे पडले. पांढुरके, ओबडधोबड. एक सोफ्याच्या हाताच्या कडेला, जिथे धाकटा रेलून उभा राहायचा. दोन पाठीला, जिथे थोरली डोकं टेकायची. रीतसर चौकशी झाली. आरोपी सतरंजीवर उभे करण्यात आले. तपासनिसांनी चट्टे आणि हात ताडून पाहिले आणि निष्कर्ष जाहीर केला, की शंभर टक्के चट्टे मुलांनी हात लावलेल्या जागीच आहेत. हे अगदी खरं होतं. (त्या शंभर टक्के जागा तपासनिसांनी पुसलेल्याही होत्या. पण पुसणारा कधी आरोपी नसतो, कुठल्याही कचेरीत विचारून पाहा.)

"बघ, तुझ्या हाताने रंग गेला," ते धाकट्याला म्हणाले. ओरडले नाहीत. तपासनीस कधी ओरडत नसत, नुसतं दाखवून देत.

धाकट्याने आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून बराच वेळ पाहिले.

त्या दिवसापासून मुलांना सोफा बंद झाला. याचे परिणाम फार चांगले झाले. संध्याकाळी दाराची बेल वाजली, की दोन्ही मुलं कुणी न सांगता दारात ओळीने उभी राहत आणि तळवे पुढे करत. कारखान्यात एवढी शिस्त आणायला तपासनिसांची उमेदीची वर्षं गेली होती. ते तळवे बघत, मान हलवत आणि सोफ्यावर जाऊन बसत. मुलं समोर सतरंजीवर बसत. थोरली तिथूनच शाळेच्या भानगडी सांगे. पुढे त्या आखूड होत गेल्या.

"आज काय झालं शाळेत?"

"काही नाही."

शाळेचा दर्जा घसरला असावा, असं तपासनिसांना वाटलं. पोटावर काहीतरी कमी आहे असंही अधूनमधून वाटायचं. पण सोफा ऐसपैस होता, अगदी हवा होता तसा.

सुट्टी लागल्यावर मुलं मावशीकडे गेली. मावशीला नुकतंच बाळ झालं होतं. तपासनिसांनी या संधीचा शास्त्रीय उपयोग करायचं ठरवलं. शत्रू रणांगणावर नसताना सोफा किती सुधारतो ते पाहायचं. पुसणं अर्थातच चालू ठेवलं.

सोफा सुधारला नाही. आठवडा उलटला तरी वाइप बदामीच निघत होती. तपासनिसांनी मुलांचा पूर्वीचा मळ आत मुरला असण्याची शक्यता विचारात घेतली. मग वाकून सोफ्याच्या मागची, भिंतीकडची बाजू पुसली, जिथे आजवर कुणाचा हात पोचला नव्हता. वाइप बदामी निघाली. सरसकट सगळा माल नापास होऊ लागला तर मालाआधी तपासणी तपासावी, असं ते कारखान्यात नव्या पोरांना नेहमी सांगत. ते वाइप हातात धरून सोफ्याच्या मागेच बसून राहिले.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"हा रंग आहे," ते म्हणाले.

"हो."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"मला शंका होती. पण म्हटलं, तपासनीस तुम्ही."

तेवढ्यात मावशीचा फोन आला. बायकोने स्पीकरवर लावला. मुलं मजेत होती, खात-पीत होती. "पण अगं, धाकट्याचं काय ते कळत नाही. बाळाला हात लाव म्हटलं की हात पाठीमागे लपवतो. म्हणतो, नको, माझ्या हाताने रंग जातो. मी म्हटलं, वेड्या, बाळाचा कसला रंग जातोय! तर रडायलाच लागला."

बायकोने तपासनिसांकडे पाहिलं. तपासनिसांना शरम वाटली. आपण आपल्या पोराचं काय करून ठेवलं, हे त्यांना इतक्या स्वच्छ उजेडात कधी दिसलं नव्हतं.

चूक सापडली की दुरुस्ती करणारा माणूस होता तो. दुसऱ्याच दिवशी चामड्याची कामं करणारा कारागीर आला, त्याने रंग जुळवला, चट्टे भरले आणि संध्याकाळच्या आत सोफा नव्यासारखा झाला. सोफ्याच्या बाबतीत विज्ञान बरंच पुढे गेलं आहे.

रविवारी मुलं आली. तपासनीस खास ठेवणीतला शर्ट घालून सोफ्यावर बसले होते. मुलं दारात ओळीने उभी राहिली आणि त्यांनी तळवे पुढे केले.

"हात नका दाखवू रे," तपासनीस म्हणाले. "नियम संपले सगळे. रंग माझ्यामुळे गेला होता, तुमच्यामुळे नाही. या, कसेही बसा. उड्या मारा."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मोठी माणसं मधूनच असं काहीबाही बोलतात आणि नंतर बदलतात, हे दोघांना ठाऊक होतं.

"आम्ही खालीच बसतो बाबा," थोरली समजुतीने म्हणाली. "आत्ताच नीट झालाय ना तो."

मग तपासनीसच उतरले आणि सतरंजीवर उताणे पडले. थोरली थोडा वेळ उभी राहिली आणि त्यांच्या दंडावर डोकं ठेवून आडवी झाली. त्यांनी दुसरा हात धाकट्यासाठी पसरला.

"ये रे, छातीवर ये."

धाकटा जवळ आला. त्याने वाकून बाबांकडे नीट पाहिलं. शर्ट पांढरा होता. तो हातभर अंतरावर मांडी घालून बसला आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

सोफा सध्या उत्तम स्थितीत आहे. दुकानदाराचं म्हणणं खरं होईल अशी चिन्हं आहेत.

आता वाचकांविषयी. तुम्ही मुलाबाळांच्या घरात बसून इथपर्यंत निवांत वाचत आलात, मधे कुणी मांडीवर चढलं नाही, कुणी 'हे काय आहे' म्हणून चित्र शोधायला बोट खुपसलं नाही, आणि हे पान अजून स्वच्छ आहे. हार्दिक अभिनंदन. तुम्हाला कसलेही नियम करावे लागले नसतील. तुमचं नुसतं बघणंच पुरत असेल.