पान सतरावरचा कैलास

कुरवंड्याच्या हौशीराम आबांचं पुस्तक छापून आलं आणि पंधरा दिवसांत त्यांच्या नातवाचं, कैलासचं, ठरलेलं लग्न मोडायला आलं. पुस्तकात कुणाची बदनामी नव्हती. उलट इतक्या सभ्य भाषेतलं पुस्तक त्या भागात आजवर निघालं नव्हतं. घोटाळा झाला तो तिथंच.

आबांनी तीस वर्षं गावात टपाल वाटलं. गावात कैलास पाच, सोपान सात, आणि अर्ध्या गावाचं आडनाव एकच. अशा ठिकाणी पत्र नावानं पोचत नाही, घराला पडलेल्या नावानं पोचतं. म्हणून आबांनी एक वही केली होती. लंगड्यांचा कैलास, बहिऱ्यांचा सोपान, येड्यांचा आदिनाथ, आंधळ्यांची सरूबाई, अशी ती चालली होती. नोकरी संपल्यावर त्या वहीची गावदर्शिका छापून यात्रेत वाटायचं ठरलं.

शुद्धलेखन तपासायला लोणावळ्याच्या माधवीताई मिळाल्या. पुण्याच्या एका प्रकाशनात उभा जन्म संपादनात घालवून त्या तुंगार्लीत राहायला आल्या होत्या. वही वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि परत घातला नाही.

"आबा, हे असं छापता येणार नाही. माणसाची ओळख त्याच्या व्यंगावरून करून द्यायची नसते. वाचणाऱ्याला काय वाटेल?"

"त्याला पत्ता कळंल," आबा म्हणाले.

ताईंचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच या गोष्टीतली मोठी अडचण आहे. आबांनाही ते पटलं. पण टोपणनावं काढून पाहिली तर पाच कैलास एकमेकांत मिसळून गेले आणि कुणाचं घर कुठलं ते आबांनाच सांगता येईना. शेवटी मधला मार्ग निघाला. ओळख ठेवायची, शब्द मात्र आदराचे वापरायचे.

आता खरी हकीकत अशी की, कैलासच्या घरात कधीच कुणी लंगडं नव्हतं. त्याच्या पणजोबांचा एक बैल लंगडायचा. बहिऱ्यांच्या सोपानला तिसऱ्या आळीत कढईत पडलेली भजी ऐकू येत. आदिनाथच्या आजोबांनी एकदा पारावर सांगितलं होतं की, हितलं धुकं बघायला एक दिवस मुंबईचे लोक येतील. तेव्हापासून ते घर येड्यांचं झालं. लोक आले, धुकं बघून गेले, अजूनही येतात. नाव तेच राहिलं.

ताईंनी हे विचारलं नाही, कारण एखाद्याच्या व्यंगाची चौकशी करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. आबांनी सांगितलं नाही, कारण मावळात हे कुणाला सांगावं लागतं, अशी त्यांना कल्पनाच नव्हती. पान सतरावर छापून आलं : 'कैलास, अस्थिदिव्यांग बंधू. नागफणीच्या सुळक्यावर पर्यटकांना नेणारे जिद्दी मार्गदर्शक.'

यात्रेत पुस्तक वाटलं गेलं. गावाला ते आवडलं. सोपाननं आपल्या नावापुढचं 'कर्णबधिर' शेजाऱ्याकडून दोनदा मोठ्यानं वाचून घेतलं. 'मानसिक आरोग्याच्या वाटेवर असलेल्या' आदिनाथला ती वाट कुठली ते कळलं नाही, पण आपल्या घरावरून वाट जाते एवढ्यावर तो खूश होता.

आठव्या दिवशी लोणावळ्यातल्या एका सेवाभावी मंडळाचा टेम्पो गावात शिरला. पुस्तकाची एक प्रत त्यांच्या हाती लागली होती. एवढ्याशा गावात एकोणचाळीस दिव्यांग बघून मंडळाच्या अध्यक्षांना दोन रात्री झोप नव्हती. मंडळी इतकी कळवळून आली होती की, नाही म्हणायला गावाला जड गेलं. सरूबाईंना पांढरी काठी मिळाली. ती शेळ्या वळायला बरी पडते, असं त्या सांगतात. सोपाननं कानाचं यंत्र घातलं आणि दोन दिवस गावातल्या प्रत्येक भांडणात आपली बाजू मांडली. कैलास तेव्हा पर्यटक घेऊन डोंगरावर होता. त्याची तीनचाकी सायकल अंगणात हार घालून ठेवण्यात आली.

आणि त्याच संध्याकाळी सुदुंबऱ्याहून होणाऱ्या व्याह्यांचा, रखमाजींचा, फोन आला. पुस्तक त्यांना आबांनीच कौतुकानं पाठवलं होतं.

"आबा, पोराच्या पायाचं तुमी बोलला न्हाई."

"आवो पाव्हणं, लंगडं ते आमचं घर. पोरगं न्हाई."

"लंगडं मला म्हाईत हाय. लंगड्यांकडं पोरगी देतोय म्हणून मीच भावकीत सांगितलंय. लंगडं म्हणलं म्हंजी काय नसतं. पण हितं अस्थिदिव्यांग लिवलंय. एवढं चांगलं कोण उगाच लिवतंय व्हय?"

आबांनी बैलाची गोष्ट सांगितली. रखमाजींनी ती शांतपणे ऐकली आणि रविवारी बघायला येतो म्हणाले.

रविवारी ते मुलीला घेऊन आले. अमृता तळेगावच्या एका कारखान्यात तयार माल तपासायचं काम करायची, त्यामुळे तिला आणणं त्यांना रास्त वाटलं. अंगणात पाय ठेवताच समोर हार घातलेली तीनचाकी सायकल. रखमाजी तिच्याकडे बघत राहिले. ती आपली नाही असं आबा सांगत होते, पण सायकलच्या पाठीवर कैलासचं नाव रंगवलेलं होतं.

मग ठरलं की, कैलासनं नागफणीवर जाऊन यावं, पाव्हण्यांनी खालून बघावं. कैलास वर गेला तो असा की, निम्म्या गावाला हरणाची आठवण झाली. वरून त्यानं हात हलवला. तिथंच थांबून सावकाश उतरला असता तरी गोष्ट संपली असती. पण खाली अमृता उभी होती. तो पळत सुटला, वाळल्या गवतावरून पाय घसरला, आणि उरलेला उतार त्यानं बसून पार केला. अंगणात आला तो दोघांच्या खांद्यावर हात टाकून, एक पाय उचलून.

रखमाजींनी पान सतरा उघडलं, कैलासकडे बघितलं, पुन्हा पानाकडे बघितलं.

"पुस्तक बराबर हाय," ते म्हणाले.

माधवीताईंना निरोप गेला. त्या रिक्षानं धावत आल्या. चूक कबूल करायला त्या अजिबात कचरल्या नाहीत. येतानाच शुद्धिपत्र छापून आणलं होतं. लग्न त्या चिठोऱ्यावर टांगलेलं होतं, म्हणून ते त्यांनी स्वतः वाचून दाखवलं : 'पान सतरावरील कैलास हे अस्थिदिव्यांग नाहीत. मात्र ते तसे असते, तरी त्यांच्या प्रतिष्ठेत काहीही उणेपणा आला नसता.'

"असते तरी," रखमाजी म्हणाले. "म्हंजी हायेच की."

"अहो नाहीत. पण असते तरी."

"ताई, तुमी मनानं चांगल्या. म्हणून तर मला भ्या वाटतंय."

ताईंनी दुसरं वाक्य खोडायची तयारी दाखवली, पण ते खोडताना त्यांचाच हात थांबला. त्यांना ते वाक्य पटत होतं. कैलासच्या घोट्याचा एव्हाना नारळ झाला होता, आणि तो कुणाच्या लक्षातही येत नव्हता.

तेव्हा अमृता उठली. तिनं ताईंच्या हातातलं पेन घेतलं, वडिलांच्या मांडीवरचं पुस्तक ओढलं, छापील ओळीवर काट मारली आणि वर ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'लंगड्यांचा कैलास.' मग पुस्तक परत वडिलांपुढे धरलं.

रखमाजींनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला.

"हां," ते म्हणाले. "आता कसं. असं असंल तर पोरगं धडधाकट हाय."

समोर पाटावर धडधाकट पोराच्या पायाला हळदीचा लेप चालला होता. चहा आला, लग्न परत ठरलं.

लग्नपत्रिकेचा मजकूर करायला माधवीताईच बसल्या. आता त्यांनी स्वतःला एक नवी शिस्त लावून घेतली होती : लिहिण्याआधी विचारायचं. वधूपक्षाचं नाव घ्यायला त्या सुदुंबऱ्याला गेल्या, तेव्हा रखमाजी त्यांना गोठ्यामागं घेऊन गेले.

सुदुंबऱ्यात रखमाजी तिघं होते. पत्रिकेत घराचं नाव घातलं नसतं, तर पाव्हणे भलत्याच्या मांडवात जेवून गेले असते. आणि यांच्या घराचं नाव होतं कोंबडीचोर.

"तुमच्या त्या भाषेत कायतरी बसवा," रखमाजी खालच्या आवाजात म्हणाले. "पोरीचं लग्न हाय."

ताईंनी वही काढली. विचार करून लिहिलं : 'कुक्कुटवर्गाशी पिढ्यान्‌पिढ्या निकटचा संबंध असलेले.' रखमाजींनी ते ओठ हलवत वाचलं. मान डोलावली. ताईंनी टोपण लावता लावता आपला नवा नियम पाळला.

"रखमाजी, विचारू नये, पण विचारते. खरंच चोरली होती का?"

रखमाजींनी गोठ्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं.

"आज्यानं. दोन." मग त्यांनी ताईंच्या वहीतलं ते पान अलगद फाडलं, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवलं. "कोंबडीचोरच छापा, ताई. ते कुणाला खरं वाटत न्हाई."